दोघींच्या नावाची पुस्तकं

आईच्या सत्तराव्या वाढदिवसाला काय आणलं आहे हे हिमानीने कुणालाच सांगितलं नव्हतं, वडिलांनासुद्धा नाही. हैदराबादहून येताना तिने एक चपटं पुठ्ठ्याचं खोकं हातातच धरलं होतं. घरी पोचल्यावर ते कपाटावर ठेवून दिलं आणि दुसऱ्या दिवशी औक्षण झाल्यावर आईच्या मांडीवर आणून ठेवलं.

आत पोस्टकार्डापेक्षा थोड्या लहान, जाड मऊ कागदाच्या चिठ्ठ्या होत्या. प्रत्येकीवर तेच चित्र: घाटाच्या पायऱ्या, त्यांवर पाठमोरी बसून पुस्तक वाचणारी एक बाई, पलीकडे नदी. खाली गोलसर अक्षरांत छापलेलं होतं, "शरदिनी पाध्ये यांचे पुस्तक".

"या बुकप्लेट्स आहेत, आई. पुस्तकाचं कव्हर उघडलं की आतल्या बाजूला चिपकवायच्या. तुझी पुस्तकं लोक घेऊन जातात आणि वापसच देत नाहीत ना."

"चिपकवायच्या नाही, चिकटवायच्या," देवव्रत म्हणाले. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून मुलीचं मराठी सुधारणं हे त्यांनी आपलं काम मानलं होतं.

"मतलब समजला ना बाबा, बस."

 एक चिठ्ठी उजेडाकडे धरून शरदिनींनी बराच वेळ पाहिली, मग तिच्यावरून बोट फिरवलं. काशीच्या मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीतल्या या घरात तीन कपाटं, दोन पेट्या आणि पलंगाखालची जागा पुस्तकांनी भरलेली होती. मुलींच्या शाळेत त्यांनी सगळा जन्म हिंदीतून इतिहास शिकवला. घरी येऊन वाचलं ते मराठी. इतकी वर्षं पुस्तकं जमवूनही त्यांतल्या बहुतेकांवर त्यांचं नाव नव्हतं.

"चित्रातली बाई मी आहे का?" त्यांनी विचारलं.

"तूच. पाठीवरची वेणी बघ ना. माझ्या मैत्रिणीला तुझा जुना फोटो दाखवला होता."

दुपारी जेवणं आटोपल्यावर तिघं कामाला लागली. हिमानी पुस्तक उघडून द्यायची, शरदिनी चिठ्ठीच्या मागचा कागद सोलून ती नीट बसवायच्या आणि देवव्रत वरून कोरड्या फडक्याने दाबायचे. पहिलं कपाट संध्याकाळपर्यंत होत आलं. काम करता करता शरदिनी एकेका पुस्तकाबद्दल बोलत होत्या. हे नागपूरच्या वन्संनी दिलेलं, हे तुझ्या जन्माच्या वेळी हॉस्पिटलात वाचलेलं. इतकं बोलताना हिमानीने आईला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खालच्या खणाकडे वळली. तिथली पुस्तकं जुनी होती आणि सगळ्यांना खाकी कागदाची कव्हरं होती. तिने त्यांतलं एक उघडून आईपुढे धरलं. शरदिनींनी नवी चिठ्ठी उचलली आणि हात तसाच थांबवला.

कव्हराच्या आतल्या बाजूला एक तपकिरी चौकोनी डाग होता. कधीतरी तिथेही कागद चिकटवलेला असावा. कसरीने तो जवळजवळ सगळा खाल्ला होता. मध्ये एक तुकडा तेवढा शिल्लक होता आणि त्यावर निळ्या शाईत अक्षरं होती: "नी व सुरे".

"हे काय आहे?" हिमानीने विचारलं.

"यावर नको लावू," शरदिनी म्हणाल्या. "या खणातल्या कशावरच नको. ही माझ्या एकटीची नाहीत."

*

सुरेखा वझे ही शरदिनीची मैत्रीण. मराठी शाळेत दोघी पहिलीपासून एका बाकावर बसल्या. सुरेखाचं घर अहिल्याबाई घाटाच्या वरच्या अंगाला. वडील बिंदुमाधवशास्त्री महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे उपाध्याय. घरात कायम कुणी ना कुणी उतरलेलं असायचं. चुलीवर मोठ्या पातेल्यात भात, दोरीवर परक्या माणसांची ओली धोतरं. शरदिनीचे वडील बँकेत नोकरीला आणि नोकरीमुळेच काशीत आलेले. त्यांच्या घरी शांतता होती आणि पगार होता.

त्या काळी काशीत मराठी पुस्तक सहज मिळत नसे. हिंदी, संस्कृत, बंगाली हवं तेवढं. मराठी पुस्तक कुणी पुण्या-नागपूरहून आणलं तरच. त्यामुळे एकीच्या घरी पुस्तक आलं की ते दोघींचं व्हायचं. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून शरदिनीने चिठ्ठ्या केल्या होत्या. बोरूने कडेला वेल काढायचा, मध्ये लिहायचं, "हे पुस्तक शरदिनी व सुरेखा यांचे", आणि कणकेच्या खळीने चिकटवून टाकायचं. कणकेने कसर येते हे तेव्हा कोणाला माहीत होतं.

"वाचायची सुरेखा," शरदिनी हिमानीला सांगत होत्या. "मी ऐकायची. घाटावर बायकांच्या साड्या वाळत पडलेल्या असायच्या, त्यांच्या कडेला बसायचो आम्ही. ती सगळ्यांचे आवाज काढायची. म्हातारा असला की म्हाताऱ्याचा, पोलीस असला की पोलिसाचा. नावाडी वल्ही थांबवून ऐकत, त्यांना मराठीचं एक अक्षर कळायचं नाही तरी. एका पुस्तकाचं शेवटचं पान फाटलेलं होतं. त्याचा शेवट तिने मला किती तऱ्हेने सांगितला असेल. दर वेळी मी म्हणायची, आता खरा सांग."

"मग?"

"मग लग्न झालं तिचं. कॉलेजचं एकच वर्ष झालं होतं. जबलपूरला दिली. आदल्या दिवशी तिच्याकडे होती तेवढी पुस्तकं उपरण्यात बांधून घेऊन आली आणि म्हणाली, ठेव. मी ठेवली."

पुढे काही वर्षं पत्रं चालली. मग सुरेखाला मुलं झाली, शरदिनीला नोकरी लागली, पत्रं दिवाळीपुरती उरली आणि नंतर तीही थांबली. बिंदुमाधवशास्त्री गेले तेव्हा सुरेखा आली होती, पण तेव्हा घरात इतकी माणसं होती की दोघींना धड बोलताही आलं नाही. त्यालाही चाळीसेक वर्षं झाली होती.

हिमानीने हातातलं पुस्तक मिटलं. "मी दुसऱ्या छापून आणते. दोघींच्या नावाच्या. फाइल माझ्याकडेच आहे, फक्त नाव बदलायचं."

"तिला न विचारता कसं छापायचं?"

"मग विचार ना."

"नंबर कुठे आहे माझ्याकडे?"

*

नंबर ढुंढिराजकडे होता. ढुंढिराज हा सुरेखाचा चुलतभाऊ. वझ्यांच्या घरी आता तोच राहत होता आणि उपाध्येपण चालवत होता. मायलेकी संध्याकाळी त्याच्याकडे गेल्या तेव्हा तो ओसरीवर बसून मोबाइलवर कुणा यजमानाला श्राद्धाची तिथी समजावत होता.

"सुरेखाताई ना? जबलपूरलाच आहे. नंबर आहे की, का नसेल. पण ताईशी बातचीत कमी होते. आँखों की तकलीफ आहे तिला." त्याने नंबर दिला आणि चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही.

घरी येऊन शरदिनींनी फोन लावला. एका तरुण बाईने उचलला.

"सुरेखा आहे का?"

"सुरेखा? इथे सुरेखा कोणी नाही. राँग नंबर असेल."

"दामल्यांचं घर ना हे? जबलपूर?"

"हो, दामल्यांचंच. पण सुरेखा नावाचं कोणी नाही इथे."

"काशीच्या वझ्यांची मुलगी. तुमच्या सासूबाई असतील."

"अच्छा, आई हव्यात तुम्हाला. त्यांचं नाव सीता आहे. थांबा हं, देते."

शरदिनी थांबल्या. लग्नात सुरेखाचं नाव बदललं होतं. तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नवं नाव त्यांनी स्वतः वाचलं होतं. पत्रांवर मात्र त्या नेहमी सुरेखाच लिहीत आल्या होत्या, त्यामुळे हे त्यांच्या ध्यानातून गेलं होतं.

"कोण बोलतंय?" आवाज जाडसर झाला होता, पण तोच होता.

"शरू."

"कोण शरू?"

"तुझ्या ओळखीत किती शरू आहेत?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग सुरेखा म्हणाली, "एकच आहे."

सुरुवातीचं बोलणं सगळं चौकशीचं झालं. कोण आहे, कोण गेलं, मुलं काय करतात. सुरेखाचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले होते. मुलगा श्रीनिवास आणि सून तेजश्री यांच्याबरोबर ती राहत होती. मग शरदिनींनी हिमानीच्या भेटीबद्दल सांगितलं, खालच्या खणाबद्दल सांगितलं आणि विचारलं, "तुझं नाव घालू ना?"

"माझं कशाला?"

"म्हणजे काय? दोघींची आहेत ती."

"शरू, ती तुझी पुस्तकं होती," सुरेखा शांतपणे म्हणाली. "आमच्याकडे पुस्तकांना पैसे कुठले? तू चिठ्ठीवर माझं नाव लिहायचीस तो तुझा चांगुलपणा. मला ते तेव्हासुद्धा कळायचं. कधी कधी वाईटही वाटायचं."

"वाईट?"

"दया केल्यासारखं वाटायचं गं. लहान होते, तरी मानी होते मी. म्हणून तर लग्नाआधी सगळी परत आणून दिली. दुसऱ्याची वस्तू सासरी कशी न्यायची?"

"मला वाटलं, सांभाळायला दिलीस."

"परत केली होती," सुरेखा म्हणाली. "जाऊ दे. जुनी गोष्ट आहे. तू तुझं एकटीचंच नाव लाव."

फोन ठेवल्यावर शरदिनी स्वयंपाकघरात गेल्या, पण आपण काय करायला आलो ते त्यांना आठवेना. देवव्रत मागोमाग आले.

"इतकी वर्षं ती असं समजून बसली होती," शरदिनी म्हणाल्या. "मी तिथे बसून ऐकत होते, मला वाटत होतं आमचं दोघींचं राज्य आहे. आणि ती उसनं पुस्तक वाचत होती."

"तिला तसं वाटलं असेल तर तिचं चुकलं असं कसं म्हणायचं?"

"चुकलं म्हणत नाही. पण ते खरं नव्हतं हो."

*

हिमानी सुट्टी संपवून परत गेली. जाताना तिने दोघींच्या नावाचा विषय काढला नाही, नुसतं म्हणाली, "आई, फाइल ठेवली आहे. बोल तेव्हा छापीन." बाकीच्या पुस्तकांना चिठ्ठ्या लागल्या होत्या. खालचा खण तसाच राहिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुपारी फोन वाजला. सुरेखाचा होता.

"तू ठेवली आहेस अजून ती पुस्तकं? सगळी?"

"सगळी."

"ते शेवटचं पान नसलेलं?"

"तेही."

"मला झोपताना तेच आठवत राहतं आता. तू फोन केलास आणि डोक्यात सगळं सुरू झालं." ती पुढे म्हणाली, "मला वाचता येत नाही शरू. कडेकडेचं दिसतं, मधलंच दिसत नाही. अक्षरावर नजर ठेवली की अक्षर जातं. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढं राखा."

 ज्या मुलीच्या वाचण्यावर शरदिनींचं अर्धं लहानपण उभं होतं, ती हे सांगत होती.

"मग ये इथे," त्या म्हणाल्या. "मी वाचून दाखवते. मला आवाज काढता येत नाहीत, पण वाचता तर येतं."

सुरेखा नाही म्हणाली नाही. तेजश्रीची शाळेची सुट्टी आणि तिकिटं यांचा मेळ बसायला पौष उजाडला. तेजश्री तिथल्या एका शाळेत गणित शिकवत होती आणि सासूला एकटीला पाठवायला तयार नव्हती. धुक्याने गाडी सकाळची दुपारी आली. स्टेशनवर शरदिनी डब्याडब्यात डोकावत होत्या आणि शेजारून गेलेल्या ठेंगण्या, पिकल्या केसांच्या बाईला त्यांनी ओळखलं नाही. त्या बाईने सुनेला म्हटलं, "अगं, जरा हळू, मला पायरी दिसत नाही," तेव्हा त्या वळल्या.

दोघींनी एकमेकींचे हात धरले. सुरेखाने मान थोडी वाकडी केली, डोळ्यांच्या कडेने मैत्रिणीकडे पाहिलं आणि म्हणाली, "जाड झालीस."

"तू बुटकी झालीस."

तेजश्री सामान सांभाळत हसत उभी राहिली.

*

दुसऱ्या दिवशी धुकं लवकर निवळलं. गच्चीवर ऊन आलं तशी शरदिनींनी सतरंजी अंथरली आणि खालचा खण रिकामा करून सगळी पुस्तकं वर आणली. देवव्रतांनी भाजलेल्या शेंगा आणि चहा आणून ठेवला आणि ते मुद्दाम खाली गेले. तेजश्री कठड्याला टेकून बसली.

सुरेखा एकेक पुस्तक हातात घेऊन चाचपत होती. कव्हर उघडून आतल्या डागावरून अंगठा फिरवत होती. "खाल्लं सगळं मेल्या कसरीने," ती म्हणाली, पण पुस्तक लगेच खाली ठेवत नव्हती.

"हे दे इकडे," शरदिनी म्हणाल्या. "हे कुठून आलं सांगू? अमरावतीचे वकील होते ते, पाय ओढत चालायचे. आईच्या अस्थी घेऊन आले होते. त्यांनी दिलेलं. हे पंढरीनाथ म्हणून कोणी सोलापूरचे होते, त्यांच्या बायकोने पाठवलेलं. हे बडोद्याचं. माझ्या वडिलांनी आणलेली ही इथली, एवढीशी. बाकीचा हा सगळा गठ्ठा तुमच्या घरातून आला आहे, सुरेखा."

"यात्रेकरू विसरून जायचे. कुणाची विसरलेली वस्तू आमची कशी होईल? विकत आणलेली तेवढी तुझीच."

"कुणी विसरत नव्हतं. तुझे वडील मागायचे."

सुरेखाने मान वर केली. "काय मागायचे?"

"पुस्तकं. मी ऐकलंय. मी तुमच्या ओसरीवर तुझी वाट बघत बसायची ना, तू आत वाढत असायचीस. निघताना यजमान विचारायचे, शास्त्रीबुवा, पुढच्या खेपेला आपल्यासाठी काय आणू, धोतरजोडी आणू का? आणि ते म्हणायचे, धोतर नको. मुलीसाठी एखादं मराठी पुस्तक आणा, इथे मिळत नाही. जुनं असलं तरी चालेल."

 खाली घाटावर कुणीतरी कपडे धूत होतं, त्याचा दगडावर आपटण्याचा आवाज येत होता.

"मला कधी बोलले नाहीत," सुरेखा म्हणाली.

"माझ्यासमोर एकदा तुझी आई त्यांच्यावर चिडली होती. म्हणाली, अंगावरचं धोतर बघा आणि पुस्तकं काय मागता. तर ते म्हणाले, ती रोज दुसऱ्याच्या दारी वाचायला जाते. तिच्याही हातात काही द्यायला असावं."

सुरेखाने मांडीवरचं पुस्तक बाजूला ठेवलं. तिने पदराने डोळे पुसले नाहीत. ते नुसते वाहू दिले.

"बाबांची धोतरं दंड घातलेली असायची," काही वेळाने ती म्हणाली. "दोन तुकडे जोडलेली. मध्ये शिवण दिसायची. शाळेच्या संमेलनाला ते तसे यायचे आणि मला लाज वाटायची. मी त्यांच्याजवळ उभी राहायची नाही."

"आपण मुली होतो गं."

"तू का नाही सांगितलंस मला तेव्हा?"

"मला वाटलं तुला माहीत आहे," शरदिनी म्हणाल्या. "तुझ्या घरातली गोष्ट मी तुला काय सांगणार? आणि मला तर ती गोष्टच वाटली नाही. पुस्तकं येतात आणि आपण वाचतो, एवढंच कळायचं मला."

तेजश्री उठली आणि सासूच्या शेजारी येऊन बसली. तिने सुरेखाच्या खांद्यावरची शाल नीट केली.

त्या दिवशी वाचन झालं नाही. सुरेखाला वडिलांबद्दल बोलायचं होतं. ते कसे शिंकायचे, संध्या करताना मांजर आलं तर मंत्र न थांबवता त्याला कसं हाकलायचे, लग्नानंतर जबलपूरला एकदाच कसे आले होते आणि जावयाच्या घरी पाणी प्यायलाही कसे अवघडले होते. तेजश्री यांतलं काहीच ऐकून नव्हती. संध्याकाळी तिघी ढुंढिराजकडे गेल्या. तिथे भिंतीवर बिंदुमाधवशास्त्रींचा फोटो होता. सुरेखाला तो समोरून दिसेना. ती भिंतीला टेकून, मान वळवून कडेने बराच वेळ बघत उभी राहिली आणि मग तिने नमस्कार केला.

*

हिमानीचा फोन आला तेव्हा चौघं जेवायला बसली होती. शरदिनींनी तो स्पीकरवर ठेवला.

"मावशी, मग छापू ना दोघींच्या नावाच्या? तुमचं नाव कसं लिहू? सीता दामले, की सुरेखा दामले?"

सुरेखाने घास खाली ठेवला. तेजश्रीकडे वळून तिने विचारलं, "तुला काय वाटतं?"

"आई, तुमचं नाव आहे. तुम्ही सांगाल ते."

"सुरेखा वझे," ती म्हणाली. "एवढंच लिही. सीतेने सगळं नीट केलं, तिच्याबद्दल काही तक्रार नाही माझी. चांगली माणसं मिळाली तिला. पण ही पुस्तकं सुरेखा वझेची आहेत. आणि शरूचंसुद्धा माहेरचंच आडनाव घाल, शरदिनी खरे. नाहीतर जोडी जमत नाही."

"चित्र तेच ठेवू? त्यात एकच बाई आहे."

"दुसरीही बसव," शरदिनी म्हणाल्या. "आणि पुस्तक तिच्या हातात दे, माझ्या नको."

कुरिअरने चिठ्ठ्या आल्या तेव्हा संक्रांत झाली होती. मधल्या दिवसांत शरदिनी रोज गच्चीवर वाचत होत्या. त्या एकसुरी वाचायच्या, शाळेत धडा वाचतात तशा. पहिले दोन दिवस सुरेखाने मुकाट्याने ऐकलं. तिसऱ्या दिवशी मात्र ती मध्येच म्हणाली, "अगं तो दारुडा आहे, त्याला मुख्याध्यापकासारखा काय बोलायला लावतेस," आणि ते वाक्य तिने स्वतः म्हणून दाखवलं. मग तसंच सुरू झालं. शरदिनींनी ओळ वाचायची आणि सुरेखाने ती त्या माणसाच्या आवाजात म्हणायची. देवव्रत पेपर घेऊन वर येऊन बसायचे आणि पेपर उघडायचे नाहीत. शेजारच्या गच्चीवरच्या बंगाली काकूंनी एकदा विचारलंसुद्धा की नाटक कधी आहे.

चिठ्ठ्या चिकटवायला तेजश्रीने मदत केली. जुन्या डागावर नवी चिठ्ठी बरोबर बसत होती. हिमानीने माप घेऊन ठेवलं होतं की योगायोगाने तसं झालं, कोण जाणे. ज्या पुस्तकात निळ्या शाईची अक्षरं उरली होती, तिथे ती झाकू नयेत म्हणून चिठ्ठी पलीकडच्या पानावर लावली. सगळं झाल्यावर सुरेखा म्हणाली, "यांतली काही मी नेते. वाटणी नको. तुला कुठली द्यावीशी वाटतात ती दे."

"वाचणार कोण?"

"मी वाचीन," तेजश्री म्हणाली. "माझं मराठी वाचणं हळू आहे, मावशी. शाळा हिंदीतून झाली ना. जोडाक्षरं आली की अडखळते. पण आई चूक दुरुस्त करतील."

"करीनच," सुरेखा म्हणाली.

शरदिनींनी पुस्तकं निवडायला एक अख्खी सकाळ घेतली. अमरावतीच्या वकिलांचं दिलं, बडोद्याचं दिलं. शेवटचं पान नसलेलं पुस्तक हातात घेऊन त्या घुटमळल्या. सुरेखाला ते न बघताच कळलं असावं.

"ते तुझ्याकडेच राहू दे," ती म्हणाली. "त्याचा शेवट मला येतो."

शरदिनी स्टेशनवर पोचवायला गेल्या. गाडी हलली तेव्हा सुरेखा खिडकीशी बसली होती आणि तेजश्री तिला शरदिनी कुठे उभ्या आहेत ते सांगत होती. सुरेखाने त्या दिशेला हात हलवला. दिशा थोडी चुकली होती, पण शरदिनी तिकडे सरकल्या.

रात्री तेजश्रीचा फोन आला. पोचलो, सगळं ठीक आहे, आई दमल्या आहेत पण आनंदात आहेत. मग तिने गाडीतली एक गोष्ट सांगितली. अलाहाबादच्या पुढे तिने एक पुस्तक काढून वाचायला सुरुवात केली होती आणि सासूबाई तिच्या चुका काढत होत्या. समोरच्या सीटवर मिर्झापूरच्या एक बाई होत्या. त्यांनी पुस्तक मागून घेतलं, आतलं चित्र पाहिलं, भाषा कुठली ते विचारलं आणि म्हणाल्या, "बड़ा सुंदर है. किताब किसकी है?"

"मग?" शरदिनींनी विचारलं.

"आई म्हणाल्या, हमारी है."

शरदिनींनी ते देवव्रतांना सांगितलं. मग त्या कपाटाशी गेल्या, खालच्या खणात उरलेली पुस्तकं सारखी करून ठेवली आणि त्यांतलं एक वाचायला बाहेर काढलं.